सदर इसम मिळून येत नाही

एकशे बेचाळीस वॉरंटं माझ्या टेबलावर,
आणि निम्म्यांचे पत्ते शहराने खाल्लेले.
'कारखान्यामागे, बाभळीजवळ, सातपूर.'
बाभूळ कधीच गेली. कारखान्याच्या जागी
गाड्यांचं शोरूम. काचेआडचा मुलगा
मला विचारतो, मॅडम, टेस्ट ड्राइव्ह?

या एका कागदाने माझ्याहून जास्त बदल्या पाहिल्या.
सातपूरहून अंबड. हद्द फुटली तेव्हा नवं ठाणं.
तिथून शेरा मारून परत.
सात हस्ताक्षरांत एकच ओळ:
सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून येत नाही.
एकाने 'मिळुन' ऱ्हस्व काढलंय.

आरोपी पुंजाराम लहानू गांगुर्डे.
हातगाडी, रहदारीस अडथळा, सन दोन हजार बारा.
खून नाही, दरोडा नाही.
खारे शेंगदाणे.

मी गिरणीत गेले.
गिरणीवाल्या नलूताईंना माणसं चेहऱ्यांनी नाही,
डब्यांनी ठाऊक.
'गांगुर्डे ना? बाजरी, जाडसर.
झाकणावर हिरव्या रंगात पी. एल.
मंगळवारी येतो. लाइट गेली तरी
कटकट करत नाही, बसून राहतो.'

मंगळवारी डबा आला, डब्यामागे माणूस.
माझी खाकी बघून त्याने डबा खाली ठेवला,
सावकाश, दाणा सांडू नये म्हणून,
आणि दोन्ही हात पुढे केले.
म्हटलं, काका, बेड्या नाहीत आणल्या.
दळण होऊ द्या. मग निघू.

रिक्षात गरम पिठाचा वास. सी.बी.एस. येईपर्यंत तो बोलत होता.
पहिल्या तारखेला गेलो होतो, मॅडम.
साहेब रजेवर. शिपाई म्हणाला,
पुढची तारीख बोर्डावर लागेल.
मला वाचता येत नाही
हे त्याला एवढ्या माणसांत कसं सांगायचं?

मग गाडी विकली.
खाकी दिसली की गल्ली धरली.
सिंहस्थात तर गावभर पोलीस,
दोन महिने पेठला बहिणीकडे राहिला,
गोदेकाठचा माणूस, पर्वणीला गावाबाहेर.
लेक नर्स झाली. दुबईच्या दवाखान्याचं पत्र आलं.
पासपोर्टला पोलीस घरी येतात, कुणीतरी सांगितलं.
'मग मीच नको म्हटलं.
म्हटलं, आपल्यात लेकी समुद्रापार पाठवत नाहीत.'
थोडं थांबून म्हणाला,
'आपल्यात असं काही नाही, मॅडम.
आपल्यात कुणी समुद्रच पाहिला नव्हता.'

कोर्टात अकरा मिनिटं.
झाडाखालच्या वकिलाने अर्ज लिहिला,
दहाचं तिकीट उलटं चिकटलं, चाललं.
पुकारा झाला. गुन्हा कबूल? कबूल.
दंड दोनशे. वॉरंट रद्द.
'एवढंच?' तो म्हणाला,
मला नाही, साहेबांनाही नाही,
वरच्या पंख्याला विचारलं असावं.

बाहेर सिग्नलला तो ट्रॅफिकवाल्याच्या
अगदी नाकासमोरून निघाला,
रस्त्याच्या मधोमध थांबला,
डोक्यावर डबा, चारी बाजूंनी हॉर्न.
मी ओरडले, काका, चला लवकर,
नाहीतर पुन्हा तेच कलम!
तेव्हा हसला. समोरचे दोन दात नव्हते.

पावती मला दोनदा वाचायला लावली.
मग लेकीला फोन लावून
माझ्या कानाला धरला. 'तुम्हीच वाचा तिला.'
वाचली. केस नंबर, कलम, सन,
रक्कम अक्षरी रुपये दोनशे फक्त.
पलीकडे कुठल्याशा वॉर्डात
स्टीलचं भांडं ठेवल्याचा आवाज.
बराच वेळ काही नाही.

मग तिने विचारलं,
'सन कोणतं म्हणालात, मॅडम?'